बिनगियरची पहिली सायकल: आधी दात मोजा, रंग नंतर बघा

माझी पहिली सिंगल-स्पीड मी रंग बघून घेतली. पिस्ता रंगाची फ्रेम, कडेने तांबूस टायर, हँडलला चामड्यासारखी पट्टी. दुकानात ती वर टांगलेली होती आणि मी खालून मान वर करून बघत होतो. तिला पुढे, पायडलजवळच्या चक्राला, किती दात आहेत, मागच्या चाकाच्या चक्राला किती, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिडकोतून क्रांती चौकाकडे निघालो. संभाजीनगरच्या जालना रोडवर एकामागून एक उड्डाणपूल आहेत. पहिल्यावर दातओठ खाल्ले, दुसऱ्यावर सीटवरून उठून पायडल मारलं, तिसऱ्यावर उतरून ढकलत नेली. तेवढ्यात हँडलला जेवणाचा डबा अडकवलेले एक काका जुन्या काळ्या सायकलीवर बसल्या बसल्या माझ्या शेजारून वर गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी दात मोजले. पुढे ४८, मागे १६. अंगणात वडिलांची काळी सायकल उभी होती, तिचेही मोजले. पुढे ४४, मागे १८. सगळा घोळ त्या आकड्यांत होता.

तेव्हापासून कोणी ‘शहरात फिरायला बिनगियरची सायकल घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ असं विचारलं की मी आधी दातांबद्दल बोलतो. इथेही तसंच करतो. मराठवाड्यातल्या शहरांत ही सायकल घ्यायची तर तीन गोष्टी बघायच्या: दात, टायर आणि ब्रेक. हब आणि फ्रेमचं माप तेवढं नीट तपासून घ्यायचं. बाकीचं पुढे जमवता येतं.

आधी शब्द नीट समजून घ्या

दुकानदार ‘सिंगल-स्पीड’ आणि ‘फिक्सी’ हे शब्द खुशाल अदलाबदल करून वापरतात. दोन्हींना गियर एकच असतो, पण चालवताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सिंगल-स्पीडच्या मागच्या चाकाला फ्री-व्हील असतं. तुम्ही पाय थांबवले की चाक आपलं फिरत राहतं आणि मागून टिक-टिक-टिक आवाज येतो. आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या सायकली अशाच होत्या. फिक्सीला फ्री-व्हील नसतं, मागचा कॉग, म्हणजे दातेरी चक्र, थेट हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, घट्ट बसवलेला असतो. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय सोडून आराम करायची सोय नाही. उलट पायांनी जोर देऊन वेग कमी करता येतो, आणि हात बसला तर सायकल मागेही नेता येते.

हा प्रकार मुळात शर्यतीच्या गोल ट्रॅकवरचा. जपानमध्ये १९४८ पासून चालणाऱ्या केइरिन शर्यतीत आजही ब्रेक नसलेल्या फिक्सीच धावतात. पण त्या ट्रॅकवर समोरून उसाची ट्रॉली येत नाही, मध्येच रिक्षा थांबत नाही आणि बैल बसलेला नसतो. म्हणून ब्रेक काढलेली फिक्सी रस्त्यावर आणणं ही माझ्या मते शुद्ध हौस आहे, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावरची.

माझा सल्ला सरळ आहे. पहिली सायकल दोन्ही ब्रेक असलेली सिंगल-स्पीड घ्या, पण मागचा हब ‘फ्लिप-फ्लॉप’ असू द्या. म्हणजे हबच्या एका बाजूला फ्री-व्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स कॉगची सोय. चाक काढून उलटं बसवलं की सिंगल-स्पीडची फिक्सी होते. युक्ती जुनीच आहे. टूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलर गियरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गियरला, परवानगी मिळाली १९३७ साली. त्याआधी खेळाडू चढ आला की उतरायचे आणि मागचं चाक उलटं करून दुसरे दात चेनखाली घ्यायचे.

दातांचं गणित

पुढच्या चेनव्हीलचे, म्हणजे पायडलजवळच्या चक्राचे, दात भागिले मागचे दात. येणारा आकडा म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक किती वेळा फिरतं ते. ४८ भागिले १६ म्हणजे ३. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४.

या सायकलींना बहुधा ‘७००’ मापाचं चाक असतं. त्याला साधारण ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर असेल तर त्याचा घेर सव्वादोन मीटरच्या जरा आत, २.१५ मीटर भरतो. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो: मिनिटाला ७७-७८ वेळा पायडल फिरवलं तर त्या आकड्याला १० ने गुणायचं, की ताशी किलोमीटर मिळतात. २.४४ ला साडेचोवीस, ३ ला तीस. सवयीच्या माणसाला हा पायांचा वेग सपाटीवर सहज जमतो. आता स्वतःला विचारा, शहरात ताशी तीसने जायला मोकळा रस्ता तुम्हाला कुठे आणि किती मिळतो? दर अडीचशे मीटरला गतिरोधक, चौक, खड्डा. चोवीस-पंचवीस भरपूर झालं.

खरी परीक्षा चढावर होते. पुलावर पाय मंदावून मिनिटाला ४० फेऱ्यांवर आले असं धरा. गुणोत्तर ३ असेल तर तेव्हाही सायकल ताशी साडेपंधराने चालली पाहिजे. त्याहून हळू झालात की प्रत्येक पायडल म्हणजे धान्याचं पोतं उचलणं. २.४४ असेल तर ताशी साडेबारालाही तेवढीच पायांची लय राहते. तो डबेवाला काका काही पैलवान नव्हता, त्याच्या सायकलीचे दात शहाण्याने ठरवलेले होते.

चढाइतकाच वारा छळतो, हे आपल्याकडे लोक विसरतात. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा शहरातून वाळूजला कामाला जाणाऱ्याला सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं होतं. गियरची सायकल असती तर एक गियर खाली टाकला असता. इथे टाकायला काहीच नसतं.

मग कुठे काय घ्यावं? लातूर, परभणी यांसारख्या बऱ्यापैकी सपाट शहरांत ४४-१६ (२.७५) चालून जाईल, पण नवख्याने तिथेही ४६-१८ (२.५६) घ्यावं असं मी म्हणेन. नांदेडला गोदावरीवरचे पूल रोज ओलांडावे लागत असतील किंवा संभाजीनगरच्या उड्डाणपुलांवरून जायचं असेल तर ४४-१८. धाराशिव, अंबाजोगाई ही बालाघाटच्या अंगाखांद्यावरची गावं. तिथे ४२-१८ (२.३३) किंवा ४४-२० (२.२) बघा. लोक हसतील, ‘पाय फार फिरतात’ म्हणतील. फिरू द्या, गुडघे तुमचे आहेत.

दुकानात आवडलेल्या सायकलीचे दात जास्तच निघाले तर लगेच नाही म्हणू नका. मागचं फ्री-व्हील बदलणं स्वस्तातलं काम आहे आणि १८ व २० दातांची फ्री-व्हील साध्या सायकलीच्या दुकानातही मिळतात. मी माझ्या ४८ ला मागे १६ काढून २० बसवलं, गुणोत्तर २.४ झालं. फक्त जुनी चेन आखूड पडली, ती नवी घ्यावी लागली. सायकल घेतानाच हे बदलून मागितलं असतं तर बहुधा चेनसकट त्याच किमतीत झालं असतं. बिल फाटल्यावर आपलं कोण ऐकतं!

दात मोजताना एका दातावर खडूची खूण करून मग मोजायला लागा. नाहीतर चाळिशीच्या आसपास हमखास चुकतं आणि दुकानदार आपल्याकडे बघत राहतो.

टायर, वॉल आणि सराटे

फोटोतल्या फिक्सीला २३ किंवा २५ मिलिमीटरचे बारीक टायर असतात. ते आपल्या रस्त्यांचे नाहीत. ३२ च्या खाली जाऊ नका, ३५-३८ मिळाले तर उत्तम. मात्र फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का ते बघा. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्हीकडे किमान चार-पाच मिलिमीटरची फट राहिली पाहिजे, आणि मडगार्ड लावायचं तर आणखी. काळ्या मातीचा चिखल ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायला नको. पावसात कच्च्या रस्त्यावर शंभर पावलं गेलात की माती टायरला चिकटून ब्रेकखाली साचते आणि चाक जागच्या जागी थांबतं. मग काडीने उकरत बसा.

इथे एक जागा फसण्याची आहे. जुन्या काळ्या सायकलीचा टायर ‘२८ इंची’ म्हणतात, आणि ७०० च्या टायरवरही कधी कधी २८ छापलेलं असतं. दोन्ही एक नाहीत. काळ्या सायकलीच्या रिमचा टायर बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर, ७०० चा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, एकाचा टायर दुसऱ्यावर कधीच नीट बसत नाही. टायरच्या बाजूला ‘३२-६२२’ असा आकडा कोरलेला असतो, तोच दाखवून टायर मागा.

आता वॉल, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायचं तोंड. माझ्या पिस्ता सायकलीला प्रेस्टा वॉल होता, बारीक सुईसारखा. पहिलं पंक्चर झालं ते टीव्ही सेंटरच्या अलीकडे. पंक्चरवाल्या चाचांनी पंपाचं तोंड लावलं, हवा गेली नाही. काढून फुंकर मारली, परत लावलं. मग टोकावरची बारीक पिन पकडीने धरून जरा वाकवली, आणि ती तुटली. त्यांनी तुटकी पिन तळहातावर ठेवून मला दाखवली. ‘बेटा, हे कुठल्या देशाचं आहे? आपल्याकडे दोनच वॉल, एक सायकलचा, एक फटफटीचा.’ त्यांची काहीच चूक नव्हती. घरापर्यंत तीन किलोमीटर ढकलत गेलो.

म्हणून शक्य असेल तर फटफटीचा, म्हणजे श्रेडर वॉल असलेल्या ट्यूब घ्या. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे, पेट्रोल पंपावर, कुठेही हवा भरता येते. रिमचं भोक बारीक असेल तर श्रेडर त्यातून जाणार नाही. मग प्रेस्टा ठेवा, पण टोपीएवढं पितळी अडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात कायम अडकवून ठेवा.

पंक्चर होणारच आहे. रस्त्याच्या कडेला सराटे असतात, वेड्या बाभळीचे काटे असतात. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर करूनच बसतो. त्यामुळे रस्त्याच्या अगदी कडेच्या मातीत सायकल घालायची सवय लावून घेऊ नका. काटा रुतलेला दिसला तर घाईत उपटू नका. पंक्चरवाल्यापर्यंत तो जागेवर राहिला तर हवा हळू जाते. पंक्चर काढून झालं की टायरच्या आतून बोट फिरवून बघा, मोडलेलं टोक आत राहिलं तर दुसरी ट्यूबही जाते.

उन्हाळ्यात हवा मोजून भरा. सकाळी २५ अंशांत ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर दुपारी ४५ अंशांवर तापला की त्यात अंदाजे ५ पीएसआय वाढतात. ३२ च्या टायरला, सत्तर किलोच्या माणसासाठी, ५५ ते ६५ पुरे. टायरवर छापलेली कमाल मर्यादा म्हणजे तेवढी भरायलाच हवी असं नव्हे. काठोकाठ भरून गाडी मे महिन्याच्या उन्हात ऑफिसबाहेर लावली, तर एखाद्या दिवशी फटाका ऐकू येईल.

ब्रेक

दोन ब्रेक, दोन्ही हाताचे. फिक्सी केली तरी पुढचा ब्रेक काढायचा नाही. सायकल थांबवताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. लहानपणी ‘पुढचा दाबू नको, तोंडावर पडशील’ असं ऐकून आपण मागच्यावरच भिस्त ठेवतो. ती सवय मोडायची. पुढचा एकदम आवळायचा नाही, हळूहळू दाबत जायचं आणि अंग जरा मागे सरकवायचं. दोन-तीन दिवस रिकाम्या रस्त्यावर सराव केला की जमतं.

रिम ॲल्युमिनियमचेच घ्या. चकचकीत क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक लागतच नाही, घसरत जातो. वडिलांच्या काळ्या सायकलीबद्दल मला एवढं प्रेम आहे, पण पावसात तिच्यावर मी बसत नाही.

हब बघताना थोडं वाकून बघा

या एका मुद्द्यावर मी दुकानात भांडलोही आहे. खऱ्या फिक्स हबला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. मोठ्या आट्यांवर कॉग बसतो, सरळ फिरवून. त्याच्या बाहेर लहान आटे असतात, ते उलटे. त्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला जागेवर धरणारी रिंग, बसते. तुम्ही पायांनी मागे जोर दिला की कॉग सुटायला बघतो, पण लॉकरिंगचे आटे उलटे असल्याने तीच हालचाल तिला आणखी घट्ट करते. साधी आणि हुशार रचना.

आपल्याकडे काही पोरं फ्री-व्हीलला वेल्डिंगचे चार टाके मारून ‘फिक्सी’ करतात. थोडक्या पैशांत काम होतं, पहिले काही दिवस मस्त चालते. पण त्या हबला लॉकरिंगची जागाच नसते. मागे जोर देऊन थांबायला जाल आणि ते अख्खं फ्री-व्हील आट्यांवरून सुटत येईल. पाय मोकळे फिरतील आणि सायकल पुढे जात राहील. नेमकं हे होणार ते तुम्हाला थांबायची सर्वांत जास्त गरज असेल तेव्हाच, कारण तेव्हाच तुम्ही सर्वांत जास्त जोर देणार. जुन्या बाजारात कोणी ‘फिक्सी’ म्हणून दाखवली तर वाकून कॉगच्या बाहेर खाचांची रिंग आहे का बघा. वेल्डिंगचा डाग दिसला तर चहा पिऊन घरी या.

मागचं चाक फ्रेमच्या ज्या खाचेत बसतं ती खाच आडवी हवी. डिरेलर नसल्यामुळे चेन ताणायची ती चाक मागे ओढूनच. खाच उभी असेल तर स्प्रिंगचा टेन्शनर लावावा लागतो आणि फिक्सीवर तो चालत नाही, कारण मागे जोर दिला की स्प्रिंगच ओढली जाते. चेन १/८ इंच रुंदीची असेल तर बरं. ती काळ्या सायकलीचीच जाड चेन आहे, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते.

माप

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. दोन पायांमध्ये जाड वही धरा, सीटवर बसल्यासारखी वर दाबून, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याला ०.६६ ने गुणलं की फ्रेमचं साधारण माप मिळतं. ८० सेंटिमीटर भरले तर ५२-५३ ची फ्रेम. वरच्या नळीवर दोन पाय टाकून उभं राहिल्यावर मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. ‘सीट खाली करून देतो’ असं दुकानदार म्हणेल. सीट खाली होते, नळी होत नाही.

लातूरच्या माझ्या आत्तेबहिणीची उंची पाच फूट एक इंच. तिला तीन दुकानांत एकाच मापाची सायकल दाखवली. शेवटी लहान फ्रेमची मिळाली तर नवाच त्रास निघाला: हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. लहान फ्रेमना हे होतं. वेगात लागत नाही, पण गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथे गोगलगायीच्या वेगाने हँडल पूर्ण वळवत जावं लागतं. सिंगल-स्पीडवर त्या क्षणी पाय थांबवून सरळ ठेवता येतो. फिक्सीवर पाय फिरतच राहतो आणि नेमका अडकतो. ती फ्री-व्हीलवरच राहिली, बरंच झालं. तिने आणखी एक शहाणपणा केला, अर्धं चेनकव्हर बसवून घेतलं. ओढणी, सलवार, बुटाची नाडी, सैल पँटचा उजवा पाय, चेन कशालाही धरते.

सीटच्या उंचीचा सोपा हिशेब असा: टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा चवडा पायडलवर ठेवल्यावर गुडघ्याला योग्य तेवढा बाक आपोआप येतो.

दुकानातली दहा मिनिटं

खिशात एक लोहचुंबक ठेवा. फ्रेमला चिकटला तर स्टील, नाही तर ॲल्युमिनियम. दोन्ही चालतात. स्टील थोडं जड, पण खड्ड्यांत अंगाला बरं. स्टीलमध्येही साधं आणि क्रोमोली असा फरक असतो. क्रोमोली हलकं आणि महाग, पहिल्या सायकलीला त्याची गरज नाही.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली खटखट झाली तर तिथले छर्रे ढिले आहेत. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हातात धरून फ्रेमकडे ढकला-ओढा, हलता कामा नये. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ डोळा नेऊन रिम बघा. डावी-उजवीकडे डुलत असेल तर ‘आउट काढून द्या’ म्हणून तिथेच सांगा. मग चेन मधोमध बोटाने वर-खाली करा, साधारण एक सेंटिमीटर हलावी. एकाच जागी बघून थांबू नका. पायडल पाव-पाव फेरी फिरवत चार जागी बघा, कारण चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असेल तर ताठ जागेवर थोडी ढील राहील असं चाक बसवायचं.

पायडल कोण बसवतंय ते बघत उभे राहा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नवख्या पोराने घाईत जोर करून चुकीचं बसवलं तर क्रँकचे आटे जातात, आणि ते महिनाभराने कळतं.

पैशांचं एवढंच सांगतो: सगळे सायकलीत घालू नका. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा, कुलूप, हातपंप आणि १५ नंबरचा पाना यांचे आधी बाजूला काढा. बहुतेक अशा सायकलींच्या चाकांना झटपट खोलायची मूठ नसते, नट असतात. पाना नसेल तर पंक्चर झाल्यावर चाकही निघत नाही.

जुनी घेत असाल तर पावती मागा आणि सायकल उलटी करून पायडलच्या मधल्या नळकांड्याखाली कोरलेला फ्रेम नंबर बघा. तो घासलेला असेल तर सौदा सोडा. आणि घरात आजोबांची काळी सायकल धूळ खात पडली असेल तर बाजारात जायच्या आधी तिच्याकडे एकदा बघा. छर्रे, ग्रीस, टायर, चेन बदलली की ती पुन्हा धावते. जड आहे, पावसात ब्रेकला वाईट आहे, पण तुम्हाला बिनगियरची सायकल झेपते की नाही हे जवळपास फुकटात कळतं.

चाक उलटं करायचा दिवस

दोन-तीन महिने फ्री-व्हीलवर चालवा. मगच फिक्स बाजू. पहिल्या दिवशी रस्त्यावर जाऊ नका, आमखाससारखं मोकळं मैदान गाठा. सीट बोटभर खाली घ्या. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही सवयीने पाय थांबवाल आणि सायकल तुम्हाला सीटवरून उचलल्यासारखी पुढे ढकलेल. सगळ्यांना होतं. दोन्ही हात ब्रेकवर ठेवा आणि पाय चालू ठेवा. मग पायांनी हळू मागे रेटून वेग कमी करायचा सराव करा. पाय पायडलवरून सुटू नयेत म्हणून पट्टा लागतो, पण तो मैदानातून बाहेर पडताना बांधा, पहिल्याच मिनिटाला नको.

वळणावर सायकल झुकवली की आतलं पायडल खाली येऊन रस्त्याला घासू शकतं, कारण ते थांबवता येत नाही. १६५ मिलिमीटरची क्रँक असेल तर धोका कमी होतो. तोवर वळणं हळू घ्या. दौलताबादचा घाट फिक्सीवर उतरायचं पहिल्या वर्षी मनातही आणू नका.

चाक घसरवत थांबवण्याचा, म्हणजे स्किडचा नाद लागलाच तर पुन्हा दातांकडे या. ४८-१६ मध्ये भागाकार अगदी ३ येतो, म्हणून पाय एकाच स्थितीत असताना टायरची तीच जागा दर वेळी घासते आणि महिन्याभरात टायर तिथे फाटतो. ४६-१७ ला घासायच्या सतरा वेगवेगळ्या जागा मिळतात.

एक गोष्ट मात्र कायमची लक्षात ठेवा. फिक्सीची चेन चाक फिरतं असताना फडक्याने पुसू नका. साध्या सायकलीत बोट अडकलं तर चाक पुढे फिरून चेन थांबू शकते, इथे ती थांबत नाही आणि बोट दातांखाली जातं. चाक थांबवायचं, थांबलेल्या चेनचा समोरचा भाग पुसायचा, फडकं काढून चेन थोडी पुढे सरकवायची, चाक पुन्हा थांबवून मग पुढचा भाग पुसायचा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर दुकानात परत न्या. क्रँकचे बोल्ट आवळायचे, नवी चेन थोडी सैल झालेली असते म्हणून चाक मागे ओढायचं, आणि स्पोक बसल्यामुळे आउट परत काढायचा. चेनला तेल घालताना एका कडीला एक थेंब, पाच मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने पुसून टाका. जास्त तेल राहिलं की आपली धूळ त्यावर बसून वाळूकागद तयार होतो. चोवीस कड्या (आतली आणि बाहेरची वेगवेगळी धरून) मोजा, नव्या चेनमध्ये त्या बरोबर बारा इंच भरतात. बारा आणि एक अष्टमांश इंच भरायला लागल्या की चेन बदला, नाहीतर ती दातही खाऊन टाकते. मृग लागायच्या आधी सीटची नळी बाहेर काढून तिला ग्रीस लावून परत बसवा. मी एक पावसाळा आळस केला, आणि ती काढायला चाचांना हातोडा घ्यावा लागला.